पैकीच्या पैकी

ताईंच्या वर्गावर गदा आली होती. तापानंतर ज्यांच्या नाकाला वासच येईनासा झाला, अशांना ताई रुग्णालयाच्या मागच्या खोलीत बसवून लवंग, लिंबू, गुलाब हुंगायचा सराव देत. त्यावर रीतसर अभ्यास झाला. सराव केलेले आणि न केलेले, दोघांची परीक्षा घेतली, तर मार्क सारखेच. मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, "फरक नाही, म्हणजे उपयोग नाही. वर्ग बंद."

ताई मुकाट ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्याच. त्यात त्यांचा धाकटा भाऊ, पावाच्या भट्टीवरचा कारागीर, याच वर्गाच्या आशेवर होता. पाव करपले तरी त्याला पत्ता लागत नसे, आणि तान्ह्या लेकीच्या जावळाचा वास तर त्याने अजून एकदाही घेतला नव्हता.

"परीक्षेच्या बाटल्या दाखवा बघू," ताई म्हणाल्या. झाकणं उघडली आणि त्यांना हसूच फुटलं. व्हिनेगर, पुदिन्याचा अर्क, अमोनिया! त्यांनी तिथल्या तिथे भावाला बोलावून घेतलं आणि त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. डॉक्टर दर बाटलीला तीन नावं वाचत आणि हा गडी त्यातलं बरोबर नाव सांगे. पैकीच्या पैकी.

"हे तर बरे झालेत की!" डॉक्टर खूश.

ताईंनी नाव न सांगता ताज्या कॉफीचा उघडा डबा भावाच्या नाकाखाली धरला.

"धर ना लवकर, ताई," तो म्हणाला. "पुढची बाटली कुठाय?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "मग मघाशी कसं ओळखलंत?"

"एकाने डोळ्यांत पाणी आलं, एकाने घशात गार वाटलं, एक आंबट झोंबलं. त्याला नाक कशाला लागतंय?"

"वास न येणारा माणूसही ज्या परीक्षेत पहिला येतो, तिच्यात फरक दिसणार कुठून?" ताई म्हणाल्या.

डॉक्टर माणूस सरळ होता. "चुकलंच. म्हणजे सरावाने गुण येतो म्हणायचा."

"तेही म्हणता येत नाही." भाऊ समोरच ऐकत होता, तरी ताई थांबल्या नाहीत. "येतो की नाही, ते या अभ्यासातून कळतच नाही. नव्या बाटल्या घेऊन पुन्हा मोजू. तोवर वर्ग चालू."

"चालू," डॉक्टर म्हणाले, आणि भावाकडे वळले. "पण उपयोग होईलच असं नाही बरं का."

भावाने डोळ्यांवरची पट्टी सोडली आणि ताईंपुढे हात केला. "लिंबाची बाटली दे गं. तुम्ही निवांत मोजा, डॉक्टर. मला घाई आहे, मी हुंगायला बसतो."