डेअरीपुढची हरळी

सोलापुरात लेकाच्या घरापुढचं लॉन खुरपायला माळी आला, की कुलसुमबी खुर्ची ओढून त्याच्याजवळ जाऊन बसते. माळी गवतातली तीन पानांची रोपं मुळासकट उपटून पाटीत टाकतो. सून खिडकीतून सांगते, "एकसुद्धा ठेवू नका हं." घर सुनेचं आहे. पण ती ओली पानं पाटीत पडायला लागली, की कुलसुमबीचं मन मुरुम गावाच्या वाटेला लागतं; बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झालेली, त्या हिवाळ्यात.

तिचे मालक जलीलमियाँ तेव्हा मुरुमजवळच्या दूध केंद्रावर साहेब होते. सहकारी संघाचं नवंकोरं केंद्र, मागं दोन खोल्यांचं क्वार्टर. जलीलमियाँ हैदराबादेत मामाकडं वाढलेले, तिथल्या बागा डोळ्यांत घेऊन आलेले. डेअरीपुढं लॉन पाहिजे असं त्यांच्या मनानं घेतलं. कॅन धुतलेलं पाणी वाया जायचं ते त्यांनी वळवलं, ओढ्याकाठची हरळी आणली आणि काडी काडी स्वतःच्या हातानं लावली.

दूध घालायला येणारे शेतकरी थबकून बघायचे. महालिंगप्पा नावाच्या म्हाताऱ्याला तर राहवलंच नाही.

"साहेब, हरळी खणू खणू आमच्या बापजाद्याचं कंबरडं मोडलं. आन् तुमी लावायलाव व्हय?"

"तुमच्या रानात ती दुश्मन असंल, आप्पा. माझ्या दारात मेहमान हाय," जलीलमियाँ म्हणाले.

हरळी छान धरली. तेवढ्यात संघानं शेतकऱ्यांना वाटायला तीन पानांच्या बरसीम घासाचं बी पाठवलं. हिरवा चारा मिळाला तर जनावर दूध वाढवील, असा हिशेब. पण घ्यायला कुणी पुढं येईना. "परवापरवा प्यायला पाणी न्हवतं, आता गवताला कुठलं आणावं?" असं म्हणून माणसं रिकाम्या हातानं परतायची. त्यातलंच एक पोतं उतरवताना कुंपणाच्या तारेला लागून फाटलं आणि मोहरीएवढं पिवळं बी हरळीत पसरलं. भरता आलं तेवढं भरलं. उरलेलं थोड्याच दिवसांत उगवून आलं.

जलीलमियाँचा जीव कासावीस झाला. त्यांनी कुलसुमबीच्या हातात खुरपं दिलं. दुपारची नमाज झाली की ती खुरपायला बसायची. शेजारची पार्वतम्मा सोबतीला यायची आणि उपटलेलं सगळं पदराच्या ओट्यात भरून आपल्या गाईला न्यायची. पण घास कसला ऐकतोय! कॅनच्या पाण्यावर तो हरळीच्या वर डोकं काढायला लागला.

एके दुपारी कुलसुमबीचा हात थांबला. मुठीत रोप होतं, मुळाला ओली माती होती. ती तशीच उठली, खुरपं दाराआड ठेवलं आणि पुन्हा हातात घेतलं नाही.

आठवड्याभरात जलीलमियाँच्या ध्यानात आलं.

"कुलसुम, माझी हरळी दिसंना की! खुरपणं सोडलं का?"

"माझ्यानं न्हाय उपटवत."

"गवत तर हाय ते."

"चारा हाय." ती म्हणाली. "दुष्काळात मी माहेरी होते, तवा आमची मोरी गाय दारातला खराटा खायली होती. अब्बांनी तिच्या तोंडातून वढून काढला. मग उभे ऱ्हायले जरा वेळ, आन् परत तिच्याच फुडं ठेवला. दुसरं घालायला काय न्हवतंच. तुमी नोकरीवर होतात, तुमी न्हाय बघितलं."

जलीलमियाँ पायरीवर बसले. तोंडानं 'राहू दे' असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी कॅन धुणाऱ्या हमालाला त्यांनी सांगितलं, "पाणी सगळीकडं फिरव रे. ती कोपऱ्याची बाजू कोरडी ऱ्हायलीय."

मग काय विचारता! घास गुडघ्याला लागला. पहिली कापणी साहेबांनी स्वतः करायची ठरवली. पँट दुमडून विळा असा धरला, की पार्वतम्मा ओरडली, "अय्यो साहेब, बोट जाईल की!" आणि विळा काढून घेऊन तिनं सपासप वाफा मोकळा केला. जलीलमियाँ नुसते पेंढ्या बांधत राहिले, त्याही सुटणाऱ्या. कुलसुमबी हसून हसून भिंतीला टेकली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण नवऱ्यासमोर एवढं मोकळं ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

कापलेला घास पुन्हा फुटून आला तेव्हा महालिंगप्पाची थट्टा बंद झाली. त्यानं मूठभर पाला तोडला, चुरगाळून वास घेतला आणि बाजूला बघत विचारलं, "ह्याचं बी शिल्लक हाय का?" ज्या पोत्यांना कुणी हात लावत नव्हतं, ती महिन्याच्या आत रिकामी झाली.

माघात संघाचे एक साहेब तपासणीला आले. "तुम्ही लॉन केलंय म्हणे, जलीलमियाँ. कुठंय?"

जलीलमियाँनी वाऱ्यावर डुलणाऱ्या घासाकडं बोट केलं. "हेच की, साहेब. जरा वाढलंय."

चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. दाराआड कुलसुमबीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

पुढं ऊन तापलं, घास वाळला, आणि पावसाच्या आधी बदलीचा हुकूम आला, परंड्याला. तिथल्या अंगणात फरशी होती. जलीलमियाँनी फरशीवर खाट टाकली आणि लॉनचं नाव पुन्हा काढलं नाही. पण बाजारातून जाताना कुणाच्या डोक्यावर हिरव्या घासाचा भारा दिसला, की हातातली पिशवी कुलसुमबीकडं देऊन ते त्या माणसाला थांबवायचे आणि मोठ्या जाणत्यासारखं विचारायचे, "कितवी कापणी, पाव्हणं?"