अर्डिथची पट्टी

अर्डिथ कोम्ब्जला दोन गोष्टींचा भारी तोरा होता. एक तिचा उंच अंबाडा आणि दुसरी तिची गाण्याची उंच पट्टी. ‘दार नुसतं लोटून ठेव’ हे तिचं गाणं देशभरच्या यादीत पहिलं आलं, तेव्हा ती ऐन पंचविशीत होती. आता सत्तरी ओलांडली. नव्या पोरी आल्या, चमकल्या, विसरल्या गेल्या. ही आपली बसमधून गावोगाव गातेच आहे. “ज्या दिवशी ते गाणं खालच्या पट्टीत उतरवावं लागेल, त्या दिवशी गाणं बंद! घरी बसून टोमॅटो लावीन,” असं ती रेडिओवाल्यांना ठणकावून सांगायची.

आज कार्यक्रम तिच्या गावीच होता, केंटकीच्या डोंगरात, शाळेच्या व्यायामशाळेत. मागच्या खोलीत बायकांनी बीन्सचं पातेलं आणि मक्याचा पाव आणून ठेवला होता. रेडिओवर तिची जुनी रेकॉर्ड लागली. अर्डिथ खुशीत येऊन सोबत गाऊ लागली आणि वरच्या ओळीला तिचा आवाज चिरकला. ती ओळ पुन्हा आली, आवाज पुन्हा चिरकला. गेल्याच शनिवारी स्टेजवर हीच ओळ तिने लीलया घेतली होती.

ती सावकाश कॉय नेपियरकडे वळली. कॉय तिचा स्टील गिटारवाला, तरुणपणापासूनचा. सगळा बँड त्याच्या पहिल्या सुरावर चालायचा. अर्डिथच्या गळ्यातली गिटार काय, शोभेला.

“कॉय, आपण हे कुठल्या पट्टीत वाजवतो?”

कॉयने चमचा खाली ठेवला. “पांढरी तीन.”

“रेकॉर्ड तर पांढरी पाचची आहे!”

“आहे खरी.”

“मेल्या! कधीपासून चाललंय हे?”

“एकदम नाही गं उतरवलं. अर्धा अर्धा सूर. पहिल्यांदा लोनी गेला तेव्हा.” लोनी तिचा नवरा; बस तोच चालवायचा. “त्याला माती देऊन आठवडा झाला नाही तोच तू गायला उभी राहिलीस. गळा भरून आलेला. म्हटलं, हिला रडायला थोडी जागा हवी.”

“मग पुन्हा वर का नाही नेलंस?”

“तुझं दुःख हटेना. मग वय आडवं आलं.”

“साऱ्या जगापुढे मला खोटं पाडलंस! माझी शपथ ठाऊक होती ना तुला?”

“म्हणूनच तोंड शिवून बसलो. तू खरंच घरी बसली असतीस. आणि टोमॅटो तुला कधी जमलेत?”

अर्डिथ हसली नाही. ती तडक स्टेजवर गेली. एकेक गाणं होत गेलं तसा कॉयचा जीव खालीवर होऊ लागला. ही आज सगळ्यांसमोर निरोप घेणार, याबद्दल त्याला शंकाच उरली नव्हती. शेवटी तेच एक गाणं राहिलं. पुढच्या रांगेतल्या, तिच्यासारखाच अंबाडा घातलेल्या म्हाताऱ्या आधीच रुमाल काढून बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून तिला भरून आलं. किती वर्षांची ही प्रेमाची माणसं!

“मंडळी,” ती म्हणाली, “रेडिओवर मी थापा मारत होते, आणि माझं मलाच ठाऊक नव्हतं. हे गाणं माझ्यासारखंच जरा खाली आलंय. चालेल ना?”

“चालेल! गा तू!” व्यायामशाळा दणाणली.

मग माइकवर हात ठेवून ती मागे वळली.

“कॉय, अजून अर्धा उतरव.”

“आता कशाला गं? पोचतेस की.”

“लोनी इथेच वरच्या टेकडीवर झोपलाय,” ती म्हणाली. “जागा लागेल मला.”