पडद्यातला रंग

घरात सगळे तिला बारकी म्हणत, वयाची चाळिशी उलटली तरी. प्रयोगशाळेत ती बाई झाली होती, पण काम खरंच बारीक. मिठाच्या पाण्याच्या दोन कप्प्यांमध्ये भिंत, भिंतीला सुईच्या टोकाएवढं भोक, आणि त्या भोकावर दोन-चार केसांच्या कुंचल्याने स्निग्ध द्रावणाचा पडदा चढवायचा. पेशीभोवती असतो तसाच. तो धड असला की वीज पलीकडे जात नाही. मग पाण्यात पेप्टाइड सोडायचं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा आखूड तुकडा. एकटा असला तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण चार-सहा जमले की पडद्यात घुसून पिंपाच्या फळ्यांसारखे कडं करून उभे राहतात, आणि मधून वाट मोकळी होते. क्षार धावतात, स्क्रीनवरची रेघ पायरी चढते.

जंतूच्या पडद्यात हे पेप्टाइड भराभर वाटा पाडायचं, आणि जंतू गळून गळून मरायचा. माणसाच्या पडद्याला ते शिवतही नाही, असं तिने दहा दिवसांपूर्वी लिहून दिलं होतं.

इस्पितळात पडलेल्या दादाच्या रक्तातल्या जंतूंवर कुठलंच औषध चालेनासं झालं होतं. तिच्या त्या कागदाच्या आधारावर डॉक्टरांनी परवानगी मिळवली; उद्या सकाळी पहिली मात्रा. वहिनीच्या जिवात जीव आला. जहाजावर नोकरी करणारी लेक बंदरात उतरून घरी यायला निघाली होती, तिलाही वहिनीने थांबवलं. "आत्याचं औषध येतंय, तू नोकरी सांभाळ." जहाज पुढे निघालं.

"उद्याच्या आधी एकदा पुन्हा करून ठेवा," सर म्हणाले. "आपला नियम म्हणून."

तिने माणसाचा पडदा चढवला आणि भिंगाला डोळा लावून बसली. आधी साबणाच्या फुग्यासारखे रंग फिरले, मग पातळ होत होत पडदा काळा पडला. काळा म्हणजे रेणूंचे दोनच थर उरले, पडदा तयार. तिने पेप्टाइड सोडलं.

रेघ सरळ होती. मग एक पायरी चढली. मग दुसरी. मग नुसता जिनाच.

तिने दोनदा नवा पडदा चढवला. दोन्हीदा तेच. तिने जुनी वही काढली. तिच्याच अक्षरात होतं: 'पडद्यात अजून रंग.' त्या दिवशी इस्पितळातली भेटायची वेळ टळत होती, म्हणून तिने पडदा काळा व्हायची वाट पाहिली नव्हती. जाड पडद्यात ते आखूड तुकडे आरपार पोचलेच नव्हते. तिला वाटलं होतं, माणसाला सोडलं त्यांनी.

सरांनी वही वाचून चष्मा काढला. "बाई, तुम्ही?" एवढंच.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "बरं झालं आजच कळवलंत." मग आवाज खाली आला. "आता दोन-तीन दिवस. फार तर चार."

"काय गं बारके, तुझी ती भोकं पाडणारी टोळी निघाली का घरून?" ती पलंगाजवळ पोचताच दादाने विचारलं. आवाज पार बसला होता, खोड मात्र जुनीच.

"नाही यायची, दादा. त्यांना जंतू कुठला आणि माणूस कुठला, कळत नाही. मला ते कळायला हवं होतं." आणि तिने सगळं सांगितलं, रंगासकट.

वहिनी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. "पुढचं बंदर आठ दिवसांनी," ती म्हणाली. "मी तिला परत चढवलं. तुझ्या शब्दावर."

"पोरीला त्या चुकीबद्दल काही बोलू नका," दादा म्हणाला. "औषध लागू पडलं नाही म्हणा. संपलं."

वहिनीने जहाजाचा नंबर लावला आणि फोन बारकीच्या हातात ठेवला. "तूच सांग."

"आत्या? बाबांना औषध दिलं का?"

दादा मान हलवून नको म्हणत होता. बारकीने त्याच्याकडे पाठ केली. "नाही गं बाळा. ते माणसालाही मारतं. माझ्या हातून नीट तपासायचं राहिलं."

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"पण आई तर म्हणाली, तू स्वतः बघितलंयस."

"हो," ती म्हणाली. "मीच बघितलं होतं."