आमची ही म्हणते

जिच्या तोंडाला अख्खं शहर वचकून होतं, तिने नवऱ्यापुढे कधी ब्र काढला नव्हता. करणी सगळी नवऱ्याची. नगराध्यक्ष माणूस, सभेत उभा राहिला की सुरुवात ठरलेली, "आमची ही म्हणते..." आणि मग ती 'ही' त्याला सोलून काढायची. "आमची ही म्हणते, रस्ता केलात की खड्डे ओळीत लावलेत?" लोक पोट धरून हसायचे. जे लोकांच्या ओठांवर होतं, ते बायकोच्या नावावर खपवून तो मोकळा. ज्याने स्वतःच स्वतःला शिव्या वाढून घेतल्या, त्याला दुसऱ्याने आणखी काय वाढायचं?

माणूस वाईट नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? सभेला निघताना त्याचे तळहात घामाने चिंब. म्हणून ती त्याच्या खिशात दोन रुमाल घालायची. कामावरून काढलेले मजूर एकदा दगड घेऊन कचेरीवर चालून आले, तेव्हा हा एकटा पायरीवर आला. "मारा खुशाल, पण चष्मा सोडून मारा. तो फुटला तर घरी हिला काय सांगू?" दगड खाली पडले, बोलणी सुरू झाली. दगडांना न भिणारा हिला भितो म्हटल्यावर, तेव्हापासून दुकानदार तिला बघून नीट तोलायचे. फुकटचा दरारा कुणाला नको असतो? तिने तो ठेवून घेतला.

मग एका सकाळी मंडईतल्या बायका दारात. पुढे भाजीवाली.

"वहिनी, मंडईतल्या बायकांच्या संडासाला कुलूप आहे. पाण्याची मोटार जळाली, ती जळालीच. जायचं कुठं म्हणून आम्ही दिवसभर घोटभर पाणी पीत नाही. माझी सून पोटुशी, तीही तशीच बसते."

"मग कचेरीत जा. मी काय अध्यक्ष आहे?"

"गेलो होतो की! साहेब म्हणाले, मलाच घरी आंघोळीला नंबर लावावा लागतो, ही एकदा आत शिरली की निघत नाही. इतकं हसवलं, इतकं हसवलं! फाटकापाशी आलो तेव्हा कळलं, हात रिकामेच." भाजीवाली पुढे वाकली. "तुम्ही त्यांना रोज झाडता. एकदा आमच्यासाठी झाडा."

आता आली का पंचाईत! मी बोलतच नाही म्हणावं, तर इतक्या वर्षांचा रुबाब पाण्यात. बोलावं, तर जिभेला सवय नाही. "बघते," म्हणून तिने दार लावलं. पण ती तहानलेली सून काही डोळ्यांपुढून हलेना.

संध्याकाळी तो जेवायला बसला. तिने ताट वाढलं आणि पाण्याचा पेला उचलून आपल्या मागे ठेवला.

"अगं, पाणी?"

"नाही मिळायचं. प्यायलात की जावं लागेल, आणि मंडईत कुलूप आहे."

तो बघत राहिला, मग खो खो हसला. "वा! हे उद्याच्या सभेत..."

"सभेत नेलंत तर खबरदार!" आपलाच आवाज ऐकून ती दचकली. पण घोडं सुटलं ते सुटलं. "इतकी वर्षं माझ्या तोंडात वाट्टेल ते कोंबलंत, मी गिळलं. बायकांना हसवून घरी पाठवलंत. हसल्याने त्यांची तहान भागते का? हे मी म्हणतेय. मी! तुमची ती सभेतली नाही."

त्याला ठसका लागला. तिने पेला पुढे केला. त्याने तो एका दमात रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी मंडईत सभा. आयुष्यात पहिल्यांदा ती सभेला गेली, तीही भाजीवालीशेजारी, पहिल्या रांगेत.

"आमची ही म्हणते..." लोक आधीच खुदखुदू लागले. तेवढ्यात त्याला ती दिसली. त्याने रुमाल काढला. "...संडासाला कुलूप आहे, म्हणून मंडईतल्या बायका पाणी पीत नाहीत."

हशा उसळला. तो थांबला. पुन्हा तेच म्हणाला, लोक आणखी हसले. बाजारात चुकलेल्या पोरासारखा तो नुसता उभा राहिला. ज्याने जन्मभर हसवलं, त्याचं खरं कोण ऐकणार? ती उठली.

"दात काय काढताय? या वेळी मी खरंच म्हणाले!"

मंडई चिडीचूप.

"किल्ली कुणाकडे आहे?" अध्यक्षांनी विचारलं. मागचा कारकून खिसे चाचपत उठला. "आत्ता उघडा. मोटार बसेपर्यंत टँकर लावा."

भाजीवाली तिच्या कानाशी लागली. "वहिनी, साहेब सांगतात तसंच आहे हो तुमचं तोंड!"

"तर!" ती म्हणाली आणि ताठ बसली.