अकरा ते एक

स्वानंदची व्हॅन एकवीस वर्षांची होती आणि तिच्या खोडीही तेवढ्याच मुरलेल्या होत्या. वडिलांनी, हरिहरबुवांनी, पौरोहित्य जोरात होतं तेव्हा ती घेतलेली. सत्यनारायण, वास्तुशांती, लग्नं करत अकोला जिल्ह्यातली निम्मी गावं तिनं पालथी घातली होती. इंजिन पुढच्या सीटखाली, रेडिएटर पार नाकात, आणि दोघांच्या मधे पाण्याचे लांब पाइप. त्या पाइपांत कुठे हवा अडकली की पाणी फिरायचं थांबे आणि डॅशबोर्डवरचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागे. स्वानंद जठारपेठेत राहायचा, शाळेत गणित शिकवायचा आणि रविवारी सीट उचलून इंजिनात डोकं खुपसायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको जुईली मुलीला घेऊन अमरावतीला माहेरी गेली, तेव्हापासून रविवार फारच मोठे झाले होते आणि गाडीचे लाडही.

कोर्टानं ठरवून दिलं होतं: महिन्याचा पहिला शनिवार, अकरा ते एक, अमरावतीच्या कोर्टातली मुलांची खोली. सात वर्षांची स्वराली त्या दोन तासांपुरती त्याची. मागच्या महिन्यात नेमकं त्याच शनिवारी निवडणुकीचं प्रशिक्षण आलं, आणि सरकारी हुकमापुढे मास्तराचं काय चालतं? तो गेला नाही. त्यावर वकिलानं स्पष्टच सांगितलं, "सर, एकदा चालून गेलं. लागोपाठ दुसऱ्यांदा गैरहजर राहिलात, तर समोरचे लिहून देतील की बापाला मुलीत रस नाही, भेटी कमी करा. मग मी काय बोलणार?"

शहाणा माणूस असता तर स्वानंद रेल्वेनं गेला असता. पण हरिहरबुवांचे गुडघे गेले होते, स्टेशनचा जिना त्यांना चढवत नव्हता, आणि आठ महिन्यांत त्यांनी नातीला पाहिलं नव्हतं. कोर्टाच्या कागदावर आजोबांचं नाव नाही, त्यामुळे खोलीत त्यांना प्रवेश नाही. खोली सांभाळणाऱ्या रागिणीताईंनी मात्र फोनवर सांगितलं होतं, "आजोबांना फाटकाबाहेर गाडीत बसवा, निघताना मी तिला पाच मिनिटं त्यांच्यापाशी आणते." त्या पाच मिनिटांसाठी म्हातारा आठवडाभर कोणतं धोतर नेसायचं ते ठरवत होता.

तीन दिवसांपासून गाडीखाली हिरवट पाण्याचा ठिपका पडत होता. शनिवारी सकाळी स्वानंदनं वाकून पाहिलं, तर फरशी कोरडी. काल संध्याकाळी पाइपावरची पट्टी आवळली होती, ती बसली म्हणायची. त्यानं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. हरिहरबुवा आधीच पुढच्या सीटवर, पूजेची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. सव्वाआठला गाडी निघाली.

बोरगाव मंजू मागे पडलं आणि काटा हलला. आधी स्वानंदला वाटलं, भास असेल. मग वाटलं, चढ असेल. चढ संपला तरी काटा वरच जात राहिला, तेव्हा त्यानं गाडी कडेला घेतली. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे तोंड भाजून घेणं, एवढं त्याला कळत होतं. म्हणून दोघं बाभळीच्या तोकड्या सावलीत उभे राहिले आणि इंजिन थंड व्हायची वाट पाहू लागले. इंजिनाला कोर्टाची वेळ माहीत नसते. पंचवीस मिनिटांनी झाकण उघडलं. पाणी खाली गेलं होतं आणि जरासं पिवळसर दिसत होतं. जुना गंज सुटला असेल, असं म्हणून त्यानं कॅनमधलं पाणी ओतलं, सगळ्या पट्ट्या पुन्हा आवळल्या.

"गळून तर नाही राहिलं ना?" हरिहरबुवांनी विचारलं.

"नाही, बाबा. गळणं थांबलंय. तेच तर कळत नाही."

बुवांनी पिशवीचे बंद उगीचच सोडून पुन्हा बांधले.

मूर्तिजापूरच्या अलीकडे काटा परत लाल पट्टीला टेकला. बाहेरच्या रस्त्यावर पुलाच्या चढाशी देवीदास नावाच्या मेकॅनिकची टपरी होती. तिथपर्यंत गाडी कशीबशी पोचली. साडेदहा वाजले होते. देवीदासनं पुढच्या पाइपाला हात लावला, मागच्या पाइपाला लावला.

"एक पाइप तापून लाल झाला अन दुसरा थंडा हाये सर. पाणी फिरूनच नाई रायलं. हवा धरली लाइननं."

"किती वेळ लागेल?"

"वीस मिनटं धरा. पण मी काय म्हणतो, तुमाले घाई असन त स्टँडवर जा, एसटी भेटते. काकाजीले बसू द्या इथं सावलीत. गाडी वापस येताना न्या."

स्वानंदनं वडिलांकडे पाहिलं. ते टपरीच्या बाकावर बसले होते, कडक इस्त्रीच्या धोतरावर धूळ बसू नये म्हणून ते गुडघ्यापर्यंत वर धरून. जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. नुसतं विचारलं, "आपली पोरगी गाडी ओळखेल ना रे, लांबून?"

या प्रश्नानंतर कोण एसटीनं जाईल? वीस मिनिटांचं तर काम. अकराच्या ऐवजी बारा होतील, एक तास तरी हाती राहील. असा हिशेब गणिताच्या मास्तरानं केला आणि तो तिथंच थांबला. आयुष्यात त्यानं मुलांच्या वह्यांत हजारो चुकांवर लाल रेघ मारली असेल, ही एक मात्र त्याला वेळेवर दिसली नाही.

त्यानं जुईलीला फोन लावला. तिनं उचलला, हेही आताशा पुष्कळ होतं.

"गाडी तापली आहे. मूर्तिजापूरला आहे. मी येतोय."

"बरं."

"स्वरालीला सांग."

"सांगते. पण एकपर्यंतच हं. ताईंना खोली बंद करावी लागते, ते माझ्या हातात नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला भांडता तरी आलं असतं.

देवीदासनं व्हॅनचं नाक चढाकडे करून लावलं, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यांत उंच राहील आणि हवा तिकडे चढेल. मग थंड व्हायची वाट. मग झाकण काढून, इंजिन हळू चालू ठेवून, बारीक धारेनं पाणी. तो वरचा पाइप मुठीत दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत होते. एक मोठा बुडबुडा आला, पाणी भसकन खाली गेलं, आणि देवीदास खूश झाला. "निंघाली पाय. हेच अडकून बसली होती." स्वानंद त्या तोंडात पाहत उभा होता. एकेक बुडबुडा येई, फुटे, आणि पुढचा यायला आपला वेळ घेई. त्याला घाई करता येत नव्हती, देवीदासला पैसे जास्त देऊन करवता येत नव्हती, कोणाच्या पाया पडूनही होण्यासारखी नव्हती. अकरा वाजले तेव्हा अमरावतीच्या त्या खोलीत स्वराली येऊन बसली असणार, हे त्याला ठाऊक होतं.

सव्वाअकराला ते निघाले आणि तीन किलोमीटरवर काटा पुन्हा चढला.

आता मात्र स्वानंदनं पुढे जायचा विचार सोडला. त्यानं गाडी वळवली, थांबत थांबत परत टपरीवर आणली. देवीदासनं डोकं खाजवलं, मग पाना घेऊन वॉल्व्हचं घर उघडलं. गरम झालं की उघडून पाणी सोडणारा, थंडीत बंद राहणारा तो लहानसा वॉल्व्ह. तो त्यानं फडक्यात धरून बाहेर काढला आणि उजेडात फिरवून पाहिला. वॉल्व्हवर पिवळा चिखल घट्ट बसला होता. त्यानं वास घेतला.

"ही त हळद हाये. रेडिएटरमंधी हळद कोनं टाकली?"

स्वानंद म्हणाला, "हळद? आमच्याकडे कोण टाकणार?"

"मी टाकली," बाकावरून हरिहरबुवा म्हणाले.

पहाटे स्वानंद अंघोळीला गेला तेव्हा त्यांनी गाडीखाली ओलं पाहिलं होतं. रेडिएटर खालून पाझरत होता. पट्टीचा त्यात काही संबंध नव्हता. पूर्वी गावोगाव पूजेला जात तेव्हा ड्रायव्हर हेच करायचा; रेडिएटर गळला की चिमूटभर हळद टाकायची, ती भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. वऱ्हाडातल्या कितीतरी गाड्या अशा घरी पोचल्या आहेत. बुवांनी पूजेच्या पिशवीतला पुडा काढला. चिमटीनं भागेल की नाही याची त्यांना खात्री वाटेना, आणि आजचं काम मोठं होतं. म्हणून त्यांनी पुडाच ओतला आणि खालची फरशी पुसून टाकली.

"मला सांगायचं ना, बाबा."

"सांगितलं असतं, तर तू रेल्वेनं गेला असता. एकटा." म्हाताऱ्याचा आवाज खाली गेला. "माझं नाव नाही ना रे कागदावर. गाडी नाही गेली, तर मी कसा जाऊ?"

स्वानंदला फार मोठ्यानं ओरडायचं होतं. मागच्या आठ महिन्यांत, खरं तर दोन वर्षांत, ज्याच्या त्याच्यावर ओरडायचं राहून गेलं होतं ते सगळं इथं काढता आलं असतं. पण समोर धोतर वर धरून बसलेला बाप होता.

"तू जा आता," हरिहरबुवा म्हणाले. "मी बसतो इथं. रात्रीपर्यंत बसतो. जा तू एसटीनं."

तो पळत रस्त्यावर गेला. पण बहुतेक एसट्या लांब गावातल्या स्टँडवरून जातात, आणि बाहेरच्या रस्त्यानं येणाऱ्या हात दाखवून थांबत नाहीत. एक खच्चून भरलेली गेली. दुसरीच्या ड्रायव्हरनं हातानंच नाही म्हटलं. ट्रक तर पाहतच नव्हते. दहा मिनिटं भर उन्हात हात वर करून तो उभा राहिला, शाळेत पोरांना उभं करतात तसा, आणि मागे देवीदास नळीनं रेडिएटर उलटा धूत होता. पिवळं पाणी रस्त्याच्या कडेनं वाहत त्याच्या चपलांपर्यंत आलं.

"सर, या," देवीदासनं हाक मारली. "वॉल्व्ह काढून टाकला, हवा काढली. गाडी तापनार नाई आता लवकर. पण हळद धुतली त गळती उघडी पडली पाय. लेप लावतो म्हनलं त वाळाले दोन घंटे पायजेत."

"दोन तास नाहीत माझ्याकडे."

"मंग पाण्याचे चार कॅन घ्या. दर पंधरा किलोमीटरले थांबा, थंडी होऊ द्या, भरा. भरल्यावर हवा काढाची, विसरू नका. तशी पोचते."

बारा वाजले होते. पन्नास किलोमीटर राहिले होते.

पहिल्या थांब्याला बारा वाजून पंधरा मिनिटं झाली. झाकण उघडण्याजोगं होईपर्यंत बारा बत्तीस. पाइप दाबताना स्वानंदच्या तळव्याला चटका बसला. त्यानं हात झटकला आणि पुन्हा तोच पाइप धरला. हरिहरबुवा गुडघे विसरून खाली उतरले आणि कॅन धरून उभे राहिले. बडनेऱ्याच्या अलीकडे दुसऱ्यांदा थांबले तेव्हा एकाला दहा कमी होते. तापलेलं झाकण फडक्यानं आवळून धरत स्वानंदनं जुईलीला फोन लावला. वाजत राहिला, तिनं उचलला नाही. दोनदा लावला.

एक वाजून चोवीस मिनिटांनी व्हॅन कोर्टाच्या फाटकासमोर उभी राहिली. नाकातून वाफ येत होती. रागिणीताई पर्स खांद्याला लावून बाहेर येत होत्या. त्यांनी स्वानंदला पाहिलं, त्याच्या काळ्या-पिवळ्या हातांकडे पाहिलं, आणि त्या परत वळल्या. कुलूप काढून त्यांनी नोंदीचं रजिस्टर बाहेर आणलं.

"तुमच्यासाठी दहा मिनिटं जास्त थांबल्या मायलेकी. एक दहाला गेल्या. तेवढं मी लिहिलंय." त्यांनी पेन पुढे केलं. "तुम्ही आलात, हेही लिहिते. पण वेळ खरी लिहावी लागेल, सर."

"लिहा," स्वानंद म्हणाला. त्याच्या नावापुढे त्यांनी एक चोवीस लिहिलं आणि त्यानं सही केली. बोटाचा पिवळा डाग कागदावर उमटला. तो पुसायला गेला, तर आणखी पसरला.

हरिहरबुवांनी खिडकीची काच खाली केली होती. आपल्याला इथून विचारायची परवानगी आहे की नाही, अशा आवाजात त्यांनी विचारलं, "ताई, पोरगी फार रडली का हो?"

रागिणीताईंनी रजिस्टर मिटलं.

"मागच्या महिन्यात फार रडली होती, काका. मला आवरेना. आज नाही रडली. थोडा वेळ खिडकीपाशी उभी होती, मग चित्रांचं पुस्तक घेऊन बसली. बाबा मूर्तिजापूरला आहेत असं आईनं सांगितलं, तर बरं म्हणाली. नंतर एकदाच विचारलं, आता घरी जायचं का."

"बरं झालं," हरिहरबुवा म्हणाले. "नाही रडली ते बरं झालं."

स्वानंद फाटकाला धरून उभा राहिला. ती रडली असती, तर पुढच्या महिन्यात तिच्यासमोर कोणत्या तोंडानं जायचं, एवढीच काळजी उरली असती. आता ती आपली वाट तरी बघेल का, हे त्याला कळत नव्हतं, आणि ते विचारावं असं जगात कोणी नव्हतं.