ज्या पानावर मी उमटलो

मी शिक्का बोलतोय. कोथरूडच्या शिरीषबन सहकारी गृहरचना संस्थेचा गोल, रबरी, लाकडी मुठीचा शिक्का. माझ्या अंगावरची अक्षरं उलटी असतात, पण कागदावर ती सुलट पडतात. कित्येक वर्षं मला याचा अभिमान होता. आता वाटत नाही. का, ते सांगतो.

बुधवार पेठेतल्या एका जिन्याखालच्या दुकानात माझा जन्म झाला. मला न्यायला संस्थेचे सचिव उत्तरेश्वरकाका आले होते. पाटबंधारे खात्यात कारकून, मूळचे बार्शीकडचे. त्यांनी कोऱ्या कागदावर माझा ठसा घेतला, चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, “‘मर्यादित’मधला रफार पुसट आलाय.”

“अहो, रफार कोण बघतंय?” दुकानदार म्हणाला.

“मी बघतोय.”

दुकानदाराने मला पुन्हा कोरलं.

काकांच्या कपाटात मी शाईच्या डबीशेजारी राहिलो. संस्था लहानशी, तीन मजली, बारा घरांची, लिफ्ट नसलेली. काकांचा नेम असा, की कागद मोठ्याने वाचल्याशिवाय मला उचलायचं नाही. ऐकायला कुणी नसेल, तर स्वयंपाकघरातल्या मुक्ताईकाकूंना ऐकवायचा. त्यामुळे मी ज्यावर उमटलो त्यातला शब्द न् शब्द मला ठाऊक असे.

सुदर्शन परभणीहून इंजिनिअरिंगला आला आणि दुसऱ्या मजल्यावर कॉट घेऊन राहू लागला. बँकेत खातं उघडायला त्याला पत्त्याचा दाखला हवा होता. तो माझ्या ठशाने मिळाला. चारही वर्षं तो तळमजल्यावरच्या वेणूबाईंकडे जेवला. त्या डबे करायच्या. हा मात्र डबा न नेता त्यांच्या स्वयंपाकघरातच पाट ओढून बसायचा आणि त्यांना मावशी म्हणायचा. पुढे नोकरी लागल्यावर त्याने याच इमारतीत घर घेतलं. तेव्हा वेणूबाईंनी सगळ्या जिन्यात पेढे वाटले.

काचबिंदूने काकांची नजर गेली, तेव्हा सुदर्शन सचिव झाला आणि त्यांनी मला त्याच्या हातात दिलं. “मला वाचता येत नाही,” ते म्हणाले, “म्हणजे आता हा उठवायचा अधिकारही मला नाही.” सुदर्शन वाकून त्यांच्या पाया पडला. मला बरं वाटलं. घरातच राहिलो, असं वाटलं.

मग पुनर्विकासाचं वारं आलं. बिल्डरांचे गुळगुळीत कागदांचे प्रस्ताव आले. बारा घरांच्या जागी चौदा मजले, खाली पार्किंग, वर बाग. दोन वर्षं सभा चालल्या. सगळ्यांच्या मागण्या लांबलचक. वेणूबाईंची एकच.

त्यांचे यजमान रतनराव अर्धांगवायूने चाकाच्या खुर्चीवर होते. दवाखान्यात न्यायचं तर खुर्ची ढकलत दारातून थेट रस्त्यावर. “मला मोठं घर नको,” वेणूबाई सभेत म्हणाल्या, “नव्या इमारतीत पार्किंगच्या वरचा पहिला मजला द्या. लिफ्ट बंद पडली, तर दोघांनी उचलून यांना खाली आणता आलं पाहिजे.”

एकमताने ठराव झाला. सुदर्शनने तो लिहिला, छापला, संस्थेच्या वहीत चिकटवला आणि मी त्यावर उमटलो. “मावशी, झालं तुमचं काम,” तो म्हणाला. वेणूबाईंनी ठरावाची प्रत मागितली नाही. सुदर्शननेच लिहिला होता, मग प्रत कशाला?

चार महिन्यांनी बिल्डरकडचा दिग्विजय सुदर्शनच्या घरी आला. “खालचे दोन मजले ऑफिसेसना द्यायचेत,” तो म्हणाला. “तुमच्या त्या एका ठरावामुळे प्लॅन अडकलाय. बघा काहीतरी.”

त्या रविवारी दुपारी, सगळं कोथरूड झोपलेलं असताना, सुदर्शनने वहीतलं ते पान हलक्या हाताने सोडवलं. तिथे नवं पान चिकटवलं, तारीख जुनीच घातली. ‘सदनिकांचे वाटप विकसकाच्या आराखड्यानुसार राहील.’ वेणूबाईंचं नाव कुठेच नव्हतं. मग त्याने मला उचललं, फडक्याने नीट पुसलं आणि दाबलं.

मी उमटलो. स्वच्छ, ठळक, रफारासकट. अध्यक्षांची सही त्याने दुसऱ्या दिवशी घेतली. ते न वाचता सही करायचे. या सगळ्यात सुदर्शनला काय मिळालं, मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. त्याला फक्त काम पुढे सरकायला हवं असेल.

घरांची यादी लागली. वेणूबाई, अकरावा मजला. त्या सुदर्शनकडे आल्या. त्याने वही उघडून त्यांच्यासमोर धरली आणि त्या पानाची प्रत दिली. ती घेऊन त्या काकांकडे गेल्या. पुढचं मला मुक्ताईकाकूंनी सुदर्शनच्या दारात उभं राहून त्याला जे ऐकवलं, त्यावरून कळलं.

“हे पान मी वाचून दाखवल्यावर यांनी मला विचारलं, शिक्का आहे का? मी म्हटलं, आहे. तर म्हणाले, मग माझ्याच आठवणीत घोटाळा झाला असेल. नजरेबरोबर डोकंही गेलं असेल.” काकूंनी ती प्रत त्याच्यापुढे धरली. “सुदर्शन, तुझ्यापायी हा माणूस स्वतःवर संशय घ्यायला लागला. मी सांगितलं त्यांना, सभेहून वर येऊन तुम्हीच म्हणाला होतात, रतनचं काम झालं. मग कुठे शांत झाले.”

‘तुझ्यापायी’ नाही, ‘शिक्क्यापायी’ असं काकूंनी म्हणायला हवं होतं.

पुढच्या सभेत काका काठी टेकत उभे राहिले. “शिक्का खरा आहे, पान खोटं आहे,” ते म्हणाले. “त्या दिवशी तुम्ही सगळे बसला होतात. संजय, काय ठरलं होतं?”

“लिफ्ट असणारच आहे ना काका,” तिसऱ्या मजल्यावरचा संजय म्हणाला, “जनरेटरसकट.”

“मी लिफ्टचं विचारलं नाही. ऋतुजा, तू पुढेच बसली होतीस.”

“काका, मला एक्झॅक्टली आठवत नाहीये,” त्याच्या शेजारच्या घरातली ऋतुजा मोबाइलकडे बघत म्हणाली. “आणि आता रीओपन केलं तर सगळ्यांचंच डिले होईल.”

“सुदर्शन, तू सांग.”

सुदर्शनने वही उघडून माझ्यावर बोट ठेवलं. “काका, यावर शिक्का आहे.”

सगळे खाली बघू लागले. मला बोलता आलं असतं, तर मी तिथेच बोललो असतो.

काकांनी वकील गाठायला सांगितलं. “यांना एकटं टाकून कोर्टाच्या चकरा कोण मारणार?” वेणूबाई म्हणाल्या. त्यांनी करारावर सही केली आणि हडपसरपलीकडे मांजरी गावात बहिणीशेजारी खोली घेतली. सामानाचा टेम्पो निघताना सुदर्शन रतनरावांची खुर्ची घडी करायला पुढे झाला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “माझं मी करते.”

तो वर आला. घर रिकामं केल्याची त्यांची पावती फाइलला लावायची होती. त्याने मला तिच्यावर उठवलं.

आता इमारत रिकामी आहे, खिडक्यांच्या चौकटी निघाल्यात. मी सुदर्शनच्या बॅगेत असतो आणि रोज उमटतो. रबर अजून चांगलं आहे, मी पुष्कळ टिकेन. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. तुमच्या संस्थेच्या कुठल्या पानावर माझ्यासारखा गोल, ठळक ठसा दिसला, तर त्यावर विसंबू नका. मी ज्याच्या हातात असतो, त्याचंच बोलतो. त्या सभेला जे बसले होते त्यांना विचारा. आणि तुम्ही स्वतःच तिथे बसला असाल, तर खाली बघू नका. बोला.