युसुफच्या ओट्यावरची खाट

चार माणसांनी खांद्यावरची खाट ओट्यावर उतरवली, तेव्हा साबिरा दारात ज्वारी पाखडत बसली होती. सूप तसंच हातात राहिलं. खाटेवर जेठ्या होता. डाव्या पायाला मांडीपर्यंत कामट्या नि पट्ट्या, तोंड सुकलेलं, डोळे मात्र शांत. मागे त्याची बायको मोगराबाई डोक्यावर गाठोडं आणि काखेत एक कोंबडी घेऊन उभी होती. खाट आणणाऱ्यांनी घाम पुसला आणि आल्या वाटेनं चालू लागले. ना कुणी काही सांगितलं, ना कुणी काही मागितलं.

जेठ्याला साबिरानं आधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं लगेच. ती मोटार कलंडल्यापासून घरात दुसरं नाव निघालं असेल तर शपथ. नवापूरच्या रस्त्यावर, उतारावर, तिचा नवरा युसुफ चालवत होता त्या मोटारीचं चाक निसटलं आणि मोटार नाल्यात कलली. बाकीचे उतारू कपडे झटकून उठले. मागच्या शिडीला धरून उभा असलेला जेठ्या तेवढा खाली सापडला. नंदुरबारच्या दवाखान्यात त्याचा पाय बांधला. फौजदारानं पंचनामा केला, चाकाची तुटलेली खीळ हातात घेऊन पाहिली आणि ड्रायव्हरचा दोष नाही, असं सांगून तो मोकळा झाला.

मोकळा झाला नाही तो युसुफ. इतकी वर्षं ज्यानं डोंगराच्या वाटा झोपेतसुद्धा चुकवल्या नाहीत, तो भला माणूस भिंतीकडे तोंड करून पडला. मालक चुनीलालशेठ स्वतः येऊन गेले. मोटार ठाकठीक झाली, आता ये, म्हणाले. युसुफनं मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडे वळला. भाकरी समोर ठेवली तर खायचा, नाही ठेवली तर मागायचा नाही. साबिराला पोलिसांची भीती नव्हती. हा माणूस असाच पडून राहील आणि एक दिवस उठायचंच विसरून जाईल, ही तिची भीती होती.

आणि त्यात आता ही खाट दारात. धरणं धरायला आले, दुसरं काय, असं तिनं मनाशी धरलं. पण दारात आलेल्या माणसाला पाणी तरी द्यावं, म्हणून तिनं तांब्या भरून पुढे केला. जेठ्यानं ओठांवरून जीभ फिरवली आणि मान वळवली.

साबिराचं डोकंच फिरलं. तहानेनं जीव चाललाय, आणि मुसलमानाच्या घरचं पाणी चालत नाही? मग मुसलमानाच्या ओट्यावर पडायला बरं चालतं! ती तोंडातल्या तोंडात बरंच काही बोलली. मोगराबाईनं ते ऐकलं, कोंबडी खाली सोडली आणि जवळ आली. बाजाराला येऊन येऊन शिकलेली तिची अहिराणी मोडकीतोडकी होती, पण अर्थ पुरता पोचला.

“तसं नही, बहीण. तुन्हा हातनं चालत नही. ज्यानी पाडं, त्यानीच उठाडानं. आमना पाड्यानी रीत शे.”

मग तिनं हळूहळू सगळं सांगितलं. त्यांच्या पाड्यात कुणाच्या गाडीखाली, कुणाच्या बैलापुढे, कुणाच्या झाडावरून माणूस पडला, तर त्याची खाट पाडणाऱ्याच्याच दारी न्यायची. पाणी त्यानं पाजायचं, भाकरी त्यानं भरवायची, कूस त्यानं बदलायची, आणि माणूस पायावर उभा राहिला की घरी नेऊन पोचवायचंही त्यानंच. दंड नाही, भांडण नाही. पण खाट दारी टेकली, की पाडणारा हात लावीपर्यंत दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

साबिरा खजील झाली. ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड केलेल्या नवऱ्याला जसं होतं तसं सांगितलं. बाहेर तो तहानेला आहे, माझ्या हातचं पीत नाही, तुमच्याच हातचं पिईल. युसुफ हलला नाही. ऊन ओट्यावर चढलं. मोगराबाई पदरानं वारा घालत राहिली. साबिरानं भरलेला तांब्या युसुफच्या उशाशी ठेवला आणि चुलीकडे जाऊन पाठ करून बसली. बऱ्याच वेळानं तिला तांब्या उचलल्याचा आणि ओट्याकडे जाणाऱ्या त्याच्या पावलांचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो परत फिरला असता, असं तिला वाटलं.

त्या दिवसापासून घराची रीतच बदलली. कंपाउंडर येऊन सांगून गेला, की हाड जुळेपर्यंत पायावर भार द्यायचा नाही, कामट्या सैल करायच्या नाहीत, आणि बोटं काळी-गार पडली तर धावत दवाखान्यात यायचं. युसुफ रोज सकाळी जेठ्याची बोटं चिमटीत धरून बघायचा आणि लागतं का विचारायचा. लागतं म्हटलं की त्याच्या तोंडावर जीव यायचा. दूध त्यानंच आणायचं, अंडी त्यानंच उकडायची. मोगराबाईनं अंगणात तीन दगडांची चूल मांडली. आधी दोन चुली वेगळ्या पेटायच्या, मग इकडची डाळ तिकडे आणि तिकडची भाकरी इकडे जाऊ लागली. पुढे पुढे एकच चूल पेटायची.

कामट्या निघाल्यावर कंपाउंडर म्हणाला, आता तेल चोळा, भिंत धरून उभं करा, मग काठी, मग बिनकाठीचं. युसुफ मांडी घालून बसायचा आणि तो वाळका पाय मांडीवर घेऊन तेल जिरवायचा. दोघं बोलायचेही. कोणत्या वळणावर कुणाच्या शेळ्या आडव्या येतात, कोणता नाला कधी चढतो, असलं काहीबाही. एकदा तर युसुफ हसला. साबिरानं ते चुलीजवळून ऐकलं. पण गल्लीत मोटारीचा भोंगा वाजला, की अजून त्याच्या हातून तेल सांडायचं. नवी खीळ बसवून मोटार शेठच्या छपरात उभी होती, आणि तिचं नाव काढलं की युसुफ उठून आत जायचा.

जेठ्याचा पाय मात्र काही पुढे सरकेना. भिंत धरली की कण्हायचा, दोन पावलांवर बसायचा. कंपाउंडरनं डोकं खाजवलं. साबिरानं कोंडा भाजून शेकाच्या पुरचुंड्या केल्या.

एकदा पहाटे ती विहिरीवर निघाली, तर समोरून जेठ्या येत होता. काठी नाही. खांद्यावर भरलेली घागर. चाल अशी, की धड पायाच्या माणसानं लाजावं. साबिरा वाटेतच उभी राहिली.

“तू तं चाली ऱ्हायना!”

जेठ्यानं घागर खाली ठेवली. चोरी पकडली गेल्यासारखा तो हसला, मग हसू आवरून म्हणाला,

“दोन जन पडनात, बहीण. उठना एकच. दुसराले सोडीसन कसा जाऊ?”

त्यानं सांगितलं ते एवढंच, की पोचवायचं युसुफनंच, आणि चालत जाण्याइतका पाय बरा नसला, तर मोटारीशिवाय पोचवणार कसा? साबिरा विहिरीच्या काठावर बसली आणि पदर तोंडाला लावून मनसोक्त रडली. मग उठली, घागर स्वतः घेतली आणि त्याला लंगडत घरी जायला सांगितलं. त्या सकाळी तिनं युसुफच्या देखत त्या ठणठणीत पायाला असा काही शेक दिला, की बस.

युसुफनं बैलगाडी ठरवून पाहिली. जेठ्या म्हणाला, गाडीत हिसके बसतात. डोली करू म्हणाला, तर जेठ्या म्हणाला, रीत तशी नाही, ज्या वाटेनं पडलो त्याच वाटेनं, त्याच मोटारीनं. तिसऱ्या दिवशी युसुफ न्याहारी न करताच शेठच्या छपराकडे गेला.

महायुद्धाच्या लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या धुरावर चालत होत्या. युसुफनं मागची शेगडी पेटवली, काजळीनं तोंड काळं करून घेतलं आणि मोटार दारात आणली. जेठ्या त्याच्या शेजारी पाय लांब करून बसला. मागे वाटेत चढलेल्या उतारूंमध्ये साबिरा आणि मोगराबाई. तो उतार आला तेव्हा साबिरानं डोळे मिटले. मोटार अगदी हळू, बैलाच्या चालीनं उतरली. डोळे उघडले तर नाला मागे पडला होता.

पुढच्या चढावर मोटारीचा दम गेला. या कोळशाच्या मोटारींचं ते नेहमीचंच, सांगायची गरज नसते. उतारू आपणच उतरले आणि लोटायला लागले. बायकाही उतरल्या. पुढे फक्त जेठ्या पाय धरून बसून राहिला.

युसुफनं त्याच्याकडे मान वळवली.

“जेठ्या, तूबी उतर. लोट.”

जेठ्यानं गुडघ्यावर हात ठेवला आणि कण्हला.

“रोज तुन्हा पायले तेल मीच चोळस,” युसुफ म्हणाला. “हाड कव्हयनं जुडेल शे, माले समजत नही का?”

मग जेठ्यानं दार उघडलं, टुणकन उडी मारून मागे आला आणि साबिराच्या शेजारी खांदा लावला. मोटार धापा टाकत निघाली. थांबवली की विझणार, म्हणून उतारू पळत पळत चढले. जेठ्या चढला नाही. त्यानं मोगराबाईच्या डोक्यावरचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं आणि दोघं शेतातल्या पायवाटेनं समोर दिसणाऱ्या पाड्याकडे चालू लागले.

साबिरा धावत पुढे गेली आणि युसुफशेजारच्या रिकाम्या जागेवर चढून बसली.

“गेला?” युसुफनं विचारलं.

“गेला.”

त्यानं गिअर बदलला. नवापूरचे उतारू केव्हाचे वाट बघत असतील, म्हणाला.